निपाणीहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर: फाईलमधला कॅशे अपाचेबरोबर का जातो?

नमस्कार साहेब,

संकेश्वरी मिरचीचे भाव दाखवणाऱ्या साइटवाल्याची प्रतिक्रिया तिखट असायचीच! तुमचं म्हणणं असं: ‘फाईलमधला कॅशे (पुन्हा पटकन वापरायला साठवून ठेवलेली माहिती) रिस्टार्टनंतरही राहतो’ हे माझं आधीच्या लेखातलं विधान खोटं आहे. अपाचे (साइटची पानं लोकांना पाठवणारा सर्व्हर प्रोग्राम) रिस्टार्ट केला की भाव गायब होतात, लोकांचं लॉगिन मात्र शाबूत राहतं, म्हणजे रिस्टार्टचा संबंधच नाही. आणि मी रेडिस (मेमरीत माहिती ठेवणारा वेगळा प्रोग्राम) सुचवणं ही पळवाट, कारण लाईट गेल्यावर तिथलेही भाव गेले.

लॉगिनचा मुद्दा तुम्ही माझ्यावर उलटवलाय, पण खरी खूण तीच आहे. उबंटूवर (तुमच्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टम) पीएचपीची सेशन्स, म्हणजे कोण लॉगिन आहे याची नोंद, ‘व्हार/लिब/पीएचपी’च्या आत राहतात. तुमचा कॅशे ‘टीएमपी’ या तात्पुरत्या फाईलींच्या फोल्डरमध्ये आहे. उबंटूवर अपाचेच्या सर्व्हिस फाईलमध्ये ‘प्रायव्हेटटीएमपी’ (सर्व्हिसला स्वतःचं वेगळं टीएमपी देणारी सेटिंग) चालू असतं, त्यामुळे अपाचेला दिसणारं ‘टीएमपी’ आणि तुम्ही लॉगिन करून बघता ते ‘टीएमपी’ वेगळं. रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) होऊन बघा, ‘सिस्टमडी-प्रायव्हेट’ने सुरू होणारं एक फोल्डर सापडेल, तुमच्या फाईली त्याच्या आत आहेत. सर्व्हिस थांबली की सिस्टमडी (सर्व्हिसेस चालू-बंद करणारा प्रोग्राम) ते फोल्डर काढून टाकतो, आणि रिस्टार्ट म्हणजे आधी थांबवणंच. मशीन बंद पडायचीही गरज नाही. नुसती सेटिंग बदलली असेल तर रीलोड (न थांबवता सेटिंग पुन्हा वाचायला लावणं) पुरतो, त्यात हे फोल्डर राहतं.

फाईली ‘व्हार/टीएमपी’त हलवू नका, तेही याच नियमाखाली येतं. ‘व्हार/कॅश’मध्ये साइटच्या नावाचं फोल्डर करा, मालकी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ला (अपाचे ज्या यूजरच्या नावाने चालतो तो) द्या. प्रायव्हेटटीएमपी बंद करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ते सुरक्षेसाठी आहे.

आता रेडिस. तो वेगळा प्रोसेस आहे, अपाचे कितीदाही रिस्टार्ट करा, त्याला पत्ता लागत नाही. नीट बंद केला तर जाताना स्नॅपशॉट, म्हणजे सगळ्या माहितीची डिस्कवरची प्रत, लिहून जातो. लाईट गेली तर ती संधीच मिळत नाही. मूळ सेटिंगमध्ये तासाभरात एखाद-दुसराच बदल झाला तर स्नॅपशॉट 3600 सेकंदांनी होतो. 300 सेकंदांत 100 बदल झाले तरच लवकर. तुमच्या दुकानातल्या मशीनवर दिवसाला मोजकेच भाव भरले जातात, म्हणजे तासाभराचं काम जाऊ शकतं. ‘अपेंडओन्ली’ (प्रत्येक बदल फाईलमध्ये लिहीत जाणारी रेडिसची सेटिंग) चालू केलं की नुकसान साधारण एका सेकंदावर येतं. यूपीएस तरीही लावाच.

पण एक गोष्ट मला पटली नाही. मराठी आणि कन्नड पानं कॅशेत ठेवलीत ते ठीक, ती पुन्हा बनतात. बाजारातून फोनवर घेतलेले भाव थेट कॅशेतच, दुसरीकडे कुठेही नाहीत? ते आधी मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये जायला हवेत. हे आजच करा, फोल्डर उद्या हलवलंत तरी चालेल.

एवढं करूनही भाव गेले तर अपाचेची पूर्ण सर्व्हिस फाईल प्रतिक्रियेत टाका, पासवर्ड असलेली कॉन्फिग नको.