घानामध्ये हरणाऱ्याने आधी फोन केला, तो कशाच्या जोरावर?

७ डिसेंबर २०२४ ला, शनिवारी, घानामध्ये राष्ट्राध्यक्ष आणि संसद अशा दोन्ही निवडणुकांचं मतदान झालं. रविवारी सकाळी, निवडणूक आयोगाने राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल जाहीर करायच्या कितीतरी आधी, सत्ताधारी एनपीपीचे उमेदवार महामुदु बावुमिया यांनी विरोधी एनडीसीच्या जॉन महामांना फोन करून अभिनंदन केलं. मग पत्रकारांसमोर येऊन पराभव मान्य केला. हा माणूस आठ वर्षं देशाचा उपराष्ट्राध्यक्ष होता. पोलिस, लष्कर, तिजोरी सगळं त्यांच्याच सरकारच्या हातात होतं.

त्यांच्या दिलदारीचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण बावुमियांनी स्वतः दिलेलं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते म्हणाले, आमच्या पक्षाने केलेल्या बेरजेनुसार महामा निर्णायकरीत्या जिंकले आहेत. आयोग काही बोलायच्या आत पक्षाकडे देशभराची बेरीज तयार होती!

ही बेरीज कुठून आली, ते आपण समजून घ्यायला हवं. घानामध्ये चाळीस हजारांवर मतदान केंद्रं आहेत. कागदी मतपत्रिका, त्यावर अंगठा. संध्याकाळी पाचला मतदान संपलं की पेटी कुठेही जात नाही. तिथेच, शाळेच्या पटांगणात किंवा झाडाखाली, केंद्राध्यक्ष एकेक मतपत्रिका उचलून जमलेल्या लोकांना दाखवतो आणि लोक मोठ्याने आकडे मोजतात. अंधार पडला तर मोबाईलचे टॉर्च लावून मोजतात. मग निकालाचा तक्ता भरला जातो, त्यावर सगळ्या पक्षांचे एजंट सह्या करतात आणि प्रत्येकाला प्रत मिळते. यालाच तिकडे ‘पिंक शीट’ म्हणतात. त्या गुलाबी कागदाचा फोटो रात्रीच पक्ष कार्यालयात पोचतो. सकाळपर्यंत हरणाऱ्याला आपण हरलोय हे स्वतःच्याच माणसांकडून कळलेलं असतं.

मी शिक्षक आहे, निवडणुकीच्या ड्युट्या केल्यात. आपल्याकडेही केंद्राध्यक्ष एजंटांना ‘१७-सी’ हा फॉर्म भरून देतो, पण त्यात एकूण किती मतं पडली एवढंच असतं. कोणाला किती, ते मतमोजणीच्या दिवशी. तोवर यंत्रं स्ट्राँगरूममध्ये आणि बाहेर कार्यकर्त्यांचा पहारा. घानाच्या पद्धतीचा तोटा मला दिसतो. कुठल्या वस्तीने कोणाला मतं दिली हे त्याच रात्री सगळ्यांना कळतं, आणि सूड घेणाऱ्याला पत्ता आयता मिळतो. मतपत्रिकांच्या काळात आपल्याकडे वेगवेगळ्या केंद्रांवरची मतं एकत्र मिसळून मोजायचे, ते याच भीतीपोटी. तरीही मी घानाच्या बाजूने उभा राहीन. मतदाराने आपलं मत मोजलं जाताना डोळ्यांनी पाहावं, यापेक्षा मोठा खुलासा कुठलाही आयोग देऊ शकत नाही.

हा कागद एका रात्रीत मोठा झालेला नाही. २००८ मध्ये दुसऱ्या फेरीत एनडीसीचे जॉन अट्टा मिल्स अवघ्या चाळीस हजारांच्या आसपास मतांनी जिंकले. तेव्हा निकाल ताइन नावाच्या एका मतदारसंघावर येऊन अडकला होता. २०१२ ला महामा जिंकले तेव्हा प्रतिस्पर्धी, एनपीपीचे नाना अकुफो-अडो याच पिंक शीट घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. ही सुनावणी टीव्हीवर थेट दाखवली गेली. २०१३ साली याचिका फेटाळली गेली, अकुफो-अडोंनी निकाल पटत नसल्याचं सांगूनही तो मानला आणि २०१६ ला निवडून आले. २०२० ला महामा हरले, तेही न्यायालयात गेले, तेही हरले, आणि चार वर्षांनी परत उभे राहिले. शेजारी बुर्किना फासोमध्ये २०२२ साली लष्कराने दोनदा सत्ता घेतली, पलीकडे नायजरमध्ये २०२३ ला. टोगोमध्ये १९६७ पासून एकाच घराण्याची सत्ता आहे. घानानेही १९६६ पासून लष्करी उठाव सोसले आहेत. असल्या परिसरात लोक कागद घेऊन कोर्टात भांडतात, हे मला फार मोठं वाटतं.

लोकांनी सरकार का बदललं? महागाई. डिसेंबर २०२२ मध्ये महागाईचा दर ५४ टक्क्यांवर गेला, त्याच महिन्यात सरकारने परदेशी कर्जाचे बरेचसे हप्ते थांबवले, आणि २०२३ मध्ये नाणेनिधीकडून तीन अब्ज डॉलर घ्यावे लागले. बावुमिया स्वतः अर्थतज्ज्ञ, सरकारच्या आर्थिक व्यवस्थापन गटाचे प्रमुख, त्यामुळे दोष दुसऱ्यावर ढकलायला जागाच नव्हती. शिवाय ‘गॅलमसे’, म्हणजे बेकायदा सोन्याच्या खाणी. प्रा, ओफिन या नद्यांचं पाणी गढूळ पिवळं झालंय, कोकोच्या बागा खणून काढल्यात. महामांना ५६ टक्क्यांहून जास्त मतं पडली, बावुमियांना ४१. मतदान मात्र २०२० च्या ७९ टक्क्यांवरून बरंच घसरलं. म्हणजे एनपीपीचे पुष्कळ मतदार घरीच बसले. नाना जेन ओपोकू-आगयेमांग देशाच्या पहिल्या महिला उपराष्ट्राध्यक्ष झाल्या, याचाही मला मनापासून आनंद आहे.

पण संसदेच्या निवडणुकीबद्दल एवढं चांगलं बोलता येत नाही. २०२० ला दोन्ही पक्षांना १३७-१३७ जागा होत्या, या वेळी एनडीसीने दोन तृतीयांश सभागृह जिंकलं. तरी काही मतदारसंघांत, जिथे सगळ्या पिंक शीटची बेरीज होते त्या केंद्रांवर जमाव घुसले, धाकदपटशा झाला. राजधानी अक्रामधल्या अब्लेकुमा नॉर्थमध्ये काही केंद्रांच्या पिंक शीटच्या स्कॅन प्रती ग्राह्य धरायच्या की नाही यावरून सगळं अडलं. जुलै २०२५ मध्ये १९ केंद्रांवर फेरमतदान झालं, तेव्हाही मारहाण झालीच. सहा महिने तिथल्या लोकांना खासदार नव्हता. जिथे मूळ कागद सुखरूप पोचला तिथे हरणाऱ्याने फोन केला, आणि जिथे त्याचा घोळ झाला तिथे हाणामाऱ्या झाल्या. दोन्हीकडे माणसं त्याच देशाची, त्याच पक्षांची.

याहून वाईट गोष्ट ओटी प्रांतातल्या सांत्रोकोफी, अक्पाफू, लिक्पे आणि लोलोबी या भागांची. २०२० ला मतदानाच्या आदल्या दिवशी आयोगाने त्यांना सांगितलं की तुम्ही राष्ट्राध्यक्षासाठी मत द्या, खासदारासाठी देता येणार नाही. सीमा आखण्याचा घोळ सरकारी कागदावरचा, शिक्षा मात्र मतदारांना. पूर्ण चार वर्षं संसदेत त्यांचा माणूस नव्हता. २०२४ ला ‘गुआन’ हा नवा मतदारसंघ झाला आणि त्यांनी आपला खासदार निवडला. त्या चार वर्षांसाठी कोणाची खुर्ची गेली नाही, आणि घानाचं कौतुक करताना मला हे गिळता येत नाही. आयोगाने त्या लोकांची जाहीर माफी मागायला हवी, आणि २०२८ च्या आधी प्रत्येक केंद्राची पिंक शीट त्याच रात्री सगळ्यांना पाहता येईल अशी सोय करायला हवी.