संपादक पाहिजे. पाहिजेच?

काल रात्री साडेअकराला माझ्या ९ ओळींच्या जाहिरातीवर ४१ हरकती आल्या. अर्ज एकच आला. म्हणजे त्या हरकती हाच अर्ज होता.

काम तसं साधं. तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या समित्यांमध्ये आमची चार-पाच माणसं जाऊन बसतात आणि परत आल्यावर काय घडलं ते लिहून पाठवतात. ते माणसांना वाचता येईल असं करून छापायचं, एवढंच. आधीचे संपादक सोडून गेले. त्यांच्या टेबलावरच्या शेवटच्या अहवालात लिहिलं होतं, ‘कलम ७.३ वर चर्चा झाली. पुढील बैठकीत कलम ७.३ वर चर्चा होईल.’ मधली तीन पानं मी वाचली. सोडून जाणाऱ्या माणसावर माझा आता राग नाही.

तर, हा अर्ज. आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकं काढणारी संघटना. तिच्या मसुद्यावर देशोदेशीच्या संस्था हरकती पाठवतात, त्याचा एक ठरलेला तक्ता असतो. ओळ क्रमांक, कलम, हरकतीचा प्रकार (सर्वसाधारण, तांत्रिक की संपादकीय), हरकत, सुचवलेला बदल आणि शेवटचा रकाना समितीच्या सचिवालयाच्या शेऱ्यासाठी. गृहस्थांनी माझी जाहिरात त्या तक्त्यात घातली होती. सगळ्या ४१ हरकती ‘तांत्रिक’. ‘संपादकीय’ एकही नाही, आणि अर्ज कशासाठी, तर संपादकपदासाठी! (समितीत मुरलेला माणूस स्वल्पविरामालासुद्धा ‘तांत्रिक’ म्हणतो. संपादकीय म्हटलं की चर्चा होत नाही, आणि चर्चा झाली नाही तर मग एवढ्या लांब यायचं कशाला?)

सकाळी मी फोन केला. तिथेच चुकलं.

“मॅडम, ओळ ४. ‘संपादकाने अहवाल वेळेत द्यावा.’ यातलं ‘द्यावा’ म्हणजे काय?”

“द्यावा म्हणजे द्यावा.”

“दिलाच पाहिजे, द्यायला हवा, द्यायला मुभा आहे की देता येतो? मानकात या चार वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत ‘अवश्य यावे’ हे निमंत्रण, ‘प्रसन्न व्हावे’ ही प्रार्थना आणि ‘चप्पल बाहेर काढावी’ हा हुकूम. तुमचा ‘द्यावा’ यातला कुठला?”

खरं सांगायचं तर प्रार्थना. पण मी म्हणाले, “हुकूम.”

“मग तो दिसायला हवा. १९९७ साली इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्यांनी आरएफसी २११९ नावाचा दस्तऐवज काढून ‘मस्ट’, ‘शुड’ असल्या इंग्रजी शब्दांचे अर्थ बांधून दिले. तरी घोळ होतच राहिला, म्हणून २०१७ साली आरएफसी ८१७४ काढून सांगावं लागलं, की शब्द कॅपिटल अक्षरांत असेल तरच तो खास अर्थ. आता देवनागरीत कॅपिटल अक्षरंच नाहीत. तुमच्या ‘द्यावा’ला वजन यायचं कुठून?”

“काय??!” मी ओरडले.

इथे जरा थांबते, कारण हे उद्गारसुद्धा मला सुखाने काढता येत नाहीत. प्रोग्राम लिहायच्या सी नावाच्या भाषेच्या १९८९ च्या मानकात दोन प्रश्नचिन्हं आणि त्यापुढे उद्गारचिन्ह एवढं लिहिलं, की संगणक त्याची एक उभी रेघ करत असे. काही देशांच्या कळफलकांवर ती रेघ नव्हती, म्हणून ही सोय. अशा एकूण ९ सोयी होत्या. परिणामी प्रोग्राममध्ये कोणी मनापासून आश्चर्य व्यक्त केलं, तर पडद्यावर काठी उभी राहायची. सीमधूनच निघालेल्या सी++ या भाषेने २०१७ च्या मानकात ही भानगड काढून टाकली, सी ने त्याही नंतर. त्या काठीवर किती माणसांनी किती बैठका घालवल्या असतील, याचा विचार केला की मला आमच्या प्रतिनिधींची ती तीन पानं सुसह्य वाटू लागतात.

आणि याचंच मला वाईट वाटतं. पगारी माणसं आठवडाभर बंद खोलीत बसून एक शब्द बदलतात, आणि ज्याच्या प्रोग्रामचं त्यामुळे वाटोळं होणार असतं त्याला ते कळतं प्रोग्राम कोसळल्यावर. मग तो आम्हालाच विचारतो, आधी का नाही सांगितलंत? सांगितलं होतं बाबा. छापलं होतं. तू वाचलं नाहीस, आणि वाचण्यासारखं करणारा माणूस आम्हाला मिळत नाही. मानकाची प्रत विकत घ्यायला पैसे पडतात, ते लिहिणाऱ्या तज्ज्ञांना आयएसओ काही देत नाही, आणि आम्ही तर त्या लिहिणाऱ्यांबद्दल लिहिणारे. आमची पायरी त्याच्याही खालची.

फोनवर एव्हाना ओळ ६ चालू होती. मी गप्प होते.

“ठीक आहे मॅडम, म्हणजे आपली सहमती झाली.”

“मी कुठे हो म्हणाले?”

“सहमतीला सगळ्यांचं ‘हो’ लागत नाही. आयएसओची व्याख्याच तशी आहे. महत्त्वाच्या मुद्द्यावर नेटाने विरोध करत राहणारं कोणी उरलं नाही, की झाली सहमती. तुम्ही दहा मिनिटं काही बोलला नाहीत.”

मी फोन ठेवला आणि तडक एका ओळीचं उत्तर पाठवलं, ‘आपली निवड करता येत नाही, क्षमस्व.’ चार मिनिटांत उलट टपाली आलं, ‘नकाराच्या मताला तांत्रिक कारणं जोडलेली नसल्यास ते मत मोजलं जात नाही. कृपया तक्त्यातला शेवटचा रकाना भरून पाठवावा.’

पाठवावा! आता हा हुकूम, की शिफारस?

दुपारपासून रकाना भरते आहे. पहिल्या अकरा हरकतींपुढे ‘मान्य’ लिहिलं, कारण खोटं कशाला बोलू, अकराच्या अकरा बरोबर होत्या. माणसाला भाषा कळते, हीच तर चीड आहे. बाराव्यापासून ‘तत्त्वतः मान्य’ सुरू केलं. आता अडले आहे ती ३८ व्या हरकतीशी. ओळ ९, ‘या कामाचे मानधन मिळणार नाही.’ हरकत, तांत्रिक: ‘धन मिळणार नाही, हे समजले. मानाचे काय, त्याचा खुलासा करावा.’

तो चौकोन अजून कोराच आहे.