ताप आला तर घरी थांब म्हणता, पण खाडा कोण भरून देणार?

चाकण, भोसरी, रांजणगाव, कुठल्याही बऱ्यापैकी कंपनीत जा, सेफ्टीवाल्यांच्या कपाटात एक जाडजूड फाइल असतेच. आग लागली तर काय, गॅस लीक झाला तर काय, भूकंप, पूर, सगळं असतं त्यात आणि २०२० नंतर शेवटी पॅन्डेमिकची चार-पाच पानं जोडलेली असतात. ऑडिटर येतो, पानं उलटतो, टिक मारतो, चहा पिऊन जातो. मी बरीच वर्षं एचआर-अ‍ॅडमिनमध्ये आहे, अशा फायली ढिगाने बघितल्यात. सॅनिटायझर किती लिटर लागेल ते लिहिलेलं असतं, थर्मल गन किती, जमिनीवर गोल कुठे आखायचे, कॅन्टीनमध्ये एका टेबलावर किती जण. फक्त एक गोष्ट नसते, ताप आलेला कॉन्ट्रॅक्टवरचा हेल्पर दुसऱ्या दिवशी घरी थांबला तर त्याचे त्या दिवसाचे पैसे कोण देणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की फ्लूच्या साथीची तयारी म्हणजे आधी पगारी रजेची तयारी. मास्क, सॅनिटायझर, बोर्ड, पोस्टर हे सगळं त्यानंतर.

आता बरेच जण म्हणतील, कोविडमध्ये सगळं शिकून झालंय की. शिकलो थोडंफार, पण फ्लूचं गणित वेगळं आहे. कोविडच्या पहिल्या लाटेत लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला पाच-सहा दिवस जायचे, फ्लूमध्ये १ ते ४ दिवस, सरासरी दोनच. आणि ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणजे तुम्ही कोण कोणाच्या शेजारी बसलं होतं याची यादी करेपर्यंत यादीतले निम्मे खोकायला लागलेले असतात. गेटवरच्या थर्मल गनचं तर काय सांगायचं, सकाळी लवकर पॅरासिटामॉलची एक गोळी टाकली की सातच्या पाळीला कपाळ एकदम थंडगार, सिक्युरिटी म्हणतो जाव, चालला आत. आणि गोळी टाकून येणारा माणूस काही कंपनीचा दुश्मन नाही हो. त्याला खाडा परवडत नाही म्हणून येतो.

खाड्याचं गणित ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी अटेंडन्स बोनस असतो, महिन्यात एकही खाडा नाही तर कुठे हजार, कुठे दीड हजार एक्स्ट्रा. एक दिवस चुकला की त्या दिवसाचा पगार गेला आणि वर हा बोनस पण गेला. पंधरा-सोळा हजार हातात येणाऱ्या पोराला, जो रूमचं भाडं, मेस आणि गावाकडे पाठवायचे पैसे असं सगळं त्यातच बसवतो, त्याला तुम्ही पोस्टर लावून सांगताय की ताप आल्यास घरी राहा. घरी म्हणजे कुठे, तर दहा बाय दहाच्या रूमवर, जिथे अजून चार-पाच जण झोपतात आणि ते चौघं चार वेगवेगळ्या कंपन्यांत जातात. एका शेडमधली साथ दुसऱ्या शेडमध्ये कशी जाते याचं उत्तर त्या रूममध्ये आहे, आपल्या फाइलमध्ये नाही.

मग मॅनेजमेंटची मंडळी म्हणतात, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आहे ना. आहे. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना आहे, आणि आजारपणात पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. ऐकायला मस्त. पण आजारपणाचे पहिले दोन दिवस ईएसआय काही देत नाही! (आधीचं आजारपण संपून पंधरा दिवस झाले नसतील तरच त्या दोन दिवसांचे पैसे देतात.) फ्लूचा ताप असतो तीन-चार दिवसांचा, आणि त्यात सगळ्यात जास्त संसर्ग होतो तो सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत. म्हणजे ज्या दिवशी माणूस घरी असणं सगळ्यात गरजेचं, नेमके तेच दिवस कोरडे. शिवाय त्यासाठी आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते, त्यामुळे नवीन लागलेला पोरगा त्यात बसतच नाही, आणि अप्रेंटिस तर ईएसआयमध्ये धरलेच जात नाहीत. कारखान्याच्या कायद्यात वीस दिवस काम केलं की एक दिवस भरपगारी रजा मिळते, पण ती कमावलेली रजा, आजारपणाची अशी वेगळी रजा त्यात नाहीच. आणि ती एक रजा सुद्धा पोरं गणपतीला, छठला, लावणीला गावी जायला साठवून ठेवतात, तापात कशाला घालवतील.

हे सगळं २००९ मध्ये पुण्याने बघितलंय खरं तर. ११ जूनला डब्ल्यूएचओने स्वाइन फ्लूची महासाथ जाहीर केली आणि ३ ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू इथे पुण्यात झाला, शाळेत जाणारी मुलगी होती. त्यानंतरचे दिवस आठवतायत का? शाळा-कॉलेज बंद, थिएटर बंद, तोंडाला रुमाल, मेडिकलवाल्याकडे मास्क नाही, जो तो कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी हुंगतोय. आणि साथीच्या रोगांच्या नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी ती रांग. त्या रांगेत निम्मे लोक साध्या सर्दीवाले होते, खऱ्या पेशंटच्या शेजारी तासन्‌तास उभे. त्यात नोकरदार पण होते, कारण काही कंपन्यांनी फतवा काढला होता की शिंक आली तरी डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा की हा स्वाइन फ्लू नाही, मगच आत या. म्हणजे ज्याला नव्हता त्याला आपण हाताने रांगेत पाठवलं!

म्हणून माझं ठाम मत, साथीच्या काळात पहिल्या तीन दिवसांसाठी सर्टिफिकेट मागूच नये. फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर सुपरवायझरला मेसेज, विषय संपला. ताप उतरल्यावर, गोळी न घेता पूर्ण एक दिवस ताप नसेल तर कामावर ये. ज्याला दम लागतोय, ज्याला शुगर आहे, जी बाई गरोदर आहे, वय साठच्या पुढे आहे, त्यांनी मात्र पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, कारण टॅमिफ्लू हे फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. एवढ्या चार ओळी मराठी-हिंदीत लिहून प्रत्येकाच्या मोबाइलवर आधीच गेलेल्या पाहिजेत, साथ आल्यावर नाही.

आणि कामाची जागा हीच साथीची पहिली पायरी असते हे काही नवीन नाही. १९१८ च्या फ्लूच्या महासाथीत, जूनमध्ये मुंबईत आधी सात पोलीस शिपाई तापाने हॉस्पिटलात गेले, त्यातला एक गोदीत ड्यूटीला होता. पुढच्या आठवडाभरात पोर्ट ट्रस्ट, तार ऑफिस, टांकसाळ, एक बँक, एक कापड गिरणी असे एकेका ठिकाणचे लोक आडवे व्हायला लागले. यादी वाचली तर वाटतं कोणीतरी मुंबईच्या नोकऱ्यांची यादी करतंय. सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली ती महाभयंकर, ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ मृत्यू एकट्या मुंबईत. १९११ ते १९२१ या एकाच दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली ती मुख्यतः ह्या तापामुळे. तेव्हा गिरणीत आजारी रजा नव्हती, ठीक आहे, शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. आज पण कॉन्ट्रॅक्टवाल्याला नाहीये ही मात्र आजची गोष्ट आहे.

लांब कशाला, अमेरिकेत २०२४ पासून बर्ड फ्लू गाईंच्या गोठ्यांत शिरलाय, तिथे साठहून जास्त माणसांना लागण झाली, बहुतेक सगळे डेअरी आणि पोल्ट्रीवर राबणारे कामगार. सुदैवाने बहुतेकांना सौम्यच झाला आणि माणसाकडून माणसाकडे पसरल्याचं दिसलं नाही. पण तिथल्या मजुरांनाही तेच वाटतं, टेस्ट केली, पॉझिटिव्ह आली तर मजुरी बुडेल. देश बदलला तरी खाड्याची भीती तीच. आपल्याकडे २००६ मध्ये नवापूरला पोल्ट्रीत बर्ड फ्लू आला होता तेव्हा लाखो कोंबड्या मारायला लागल्या, विसरलो आपण ते.

बरं, पैशाचा मुद्दा बाजूला ठेवून निव्वळ प्रॉडक्शनच्या भाषेत बोलू. मोठ्या महासाथीचं प्लॅनिंग करताना अमेरिकेच्या सरकारने कंपन्यांना सांगितलं होतं की शिखराच्या आठवड्यांत ४० टक्क्यांपर्यंत लोक गैरहजर राहतील असं धरून चाला. काही आजारी, काही घरातल्यांची काळजी घेणारे, काही घाबरून न येणारे. आता आपल्या मॅनेजमेंटला ४० टक्के ऐकून वाटतं की शंभरातले साठ आहेत ना, दोन लाइन बंद ठेवू, एक चालवू. पण ताप काही डिपार्टमेंट बघून येत नाही. ते चाळीस कोण हा प्रश्न आहे. बॉयलर अटेंडंट दोन आहेत आणि दोघं एकाच रूमवर राहतात, मग? ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, चालवणारा एकटा. व्हीएमसी मशीनचं (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) सेटिंग करणारा एकटा, बाकीचे नुसते जॉब लावणारे आणि बटण दाबणारे. पगाराची फाइल बँकेत अपलोड करणारी अकाउंट्समधली मॅडम एकटी, ओटीपी तिच्याच मोबाइलवर येतो, आणि ती नेमकी सहा तारखेला तापाने पडली तर सात तारखेचा पगार कोण करणार सांगा. साथीच्या काळात पगार उशिरा झाला ना, तर उरलेले साठ पण गावची एसटी धरतील.

स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कोणाला कुठलं काम येतं याचा तक्ता, प्रत्येक लाइनवर लटकवलेला असतो, रंगीत गोल भरलेले. त्यातले निम्मे गोल कस्टमर ऑडिटच्या आदल्या रात्री भरलेले असतात हे आपल्याला सगळ्यांना माहितीये. प्रत्येक कामाला किमान तिघं पाहिजेत ज्यांनी ते काम खरंच हाताने केलंय. आणि ते तिघं एका रूमवरचे, एका बसचे, एका पाळीचे नकोत. हे तपासायला कन्सल्टंट लागत नाही, एका शनिवारी त्या एकट्या माणसाला मुद्दाम सुट्टी द्या आणि बघा काय काय अडतं. फायर ड्रिल करतो तसं हे पण.

बायकांचा मुद्दा फाइलमध्ये नसतो. शाळा बंद झाली की घरी कोण राहतं? २००९ ला शाळा बंद झाल्या तेव्हा आमच्या ओळखीतल्या ऑफिसांत बायकाच आधी गैरहजर झाल्या, त्यांना स्वतःला काही झालेलं नसताना. पाळ्या बदलून द्यायच्या, ज्यांचं काम घरून होतं त्यांना घरून करू द्यायचं, हे आधीच ठरवून ठेवा, म्हणजे ऐनवेळी एकेकीला केबिनमध्ये येऊन गयावया करायला लागणार नाही.

बाकी मास्क वगैरे, हो, ठेवा. बसच्या खिडक्या उघड्या ठेवा, कॅन्टीनचे एक्झॉस्ट चालू आहेत का बघा (बहुतेक बंद असतात, आवाज येतो म्हणून), जेवणाच्या वेळा फोडा, एसी मीटिंग रूममध्ये वीस जणांना कोंबू नका. लसीचं म्हणाल तर दरवर्षीच्या फ्लूची लस आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी द्यावी, इथे फ्लू पावसाळ्यात जोरात असतो आणि लस दिल्यावर असर यायला दोन आठवडे लागतात. पण एकदम नवीन विषाणू आला तर ही लस पुरेल असं नाही, नवीन बनायला महिने लागतात. २००९ च्या साथीवरची सीरमची नाकात फवारायची लस बाजारात आली २०१० च्या जुलैमध्ये. मधल्या त्या वर्षभरात तुमच्याकडे माणसं एकमेकांपासून लांब ठेवणं एवढंच हातात असतं, आणि पैसे दिल्याशिवाय ती लांब राहत नाहीत.

आता तो ठरलेला प्रश्न, लोक खोट्या रजा घेतील. घेतील काही जण. कबूल. दहातले दोन घेतील, त्यांचे तीन-तीन दिवसांचे पैसे बुडाले समजा. पण उरलेल्या आठांपैकी एक जण ताप घेऊन लाइनवर आला आणि शेजारचे पाच पाडले तर ते पाच जण तीन-चार दिवस, वर कस्टमरची लाइन थांबली म्हणून लागणारी पेनल्टी, वर ओव्हरटाइम डबलने, हे कोणी जोडून बघितलंय का? एक्सेलमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे. गंमत म्हणजे स्टाफला सिक लिव्ह आहे, मॅनेजरला आहे, त्यांच्यावर कोणी असा संशय घेत नाही.

आणि ठेकेदारावर ढकलू नका. तो म्हणणार मला कंपनी देत नाही, मी कुठून देऊ, आणि ते खरंच असतं. पर्चेस डिपार्टमेंट ठेकेदाराला जो रेट देतं त्यातच ते बसवायला पाहिजे, की ताप-खोकल्याच्या रजेचे वर्षाला तीन दिवस कंपनी भरून देईल, साथ जाहीर झाली तर सात, आणि त्या दिवसांचा अटेंडन्स बोनस कापायचा नाही.

आमच्या ठेकेदारांची अ‍ॅग्रीमेंट रिन्यू व्हायला आलीयेत. हा क्लॉज मी ड्राफ्टमध्ये टाकलाय, पर्चेसकडे पडून आहे, अजून परत आलेला नाही. तुमच्यापैकी कोणाच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवाल्यांना असे पगारी दिवस खरंच चालू असतील तर तो क्लॉज कसा लिहिलाय ते प्लीज इनबॉक्स करा, कंपनीचं नाव नाही टाकलं तरी चालेल. आमच्या लीगलवाल्यांना शेजारच्या कंपनीत चालू आहे असं दाखवलं की सही लवकर होते.