सहा पेशंट कमी पडतात, एक मात्र पुरतो?

गेल्या आठवड्यात ठाण्याहून पकडलेली पनवेल लोकल रबाळ्याला पोचायच्या आत एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. सोसायटीचा, माहेरचा आणि शाळेतल्या मैत्रिणींचा. शेवटी नेहमीचं, ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’. मजकूर थोडक्यात असा: मेडिकल जर्नलमध्ये एकेका पेशंटच्या केस छापतात, ते विज्ञान नव्हे, किस्से. गुळवेलीने लिव्हर खराब होतं ही बदनामी अवघ्या सहा पेशंटवरून केली, कारण औषध कंपन्यांना आयुर्वेद नकोय. दुर्मिळ आजार हा टेस्टचं बिल फुगवायचा शब्द. डॉक्टर केस छापतात ते बढतीसाठी. आणि हॉस्पिटलात कन्सेंटवर, म्हणजे संमतीपत्रावर, सही केलीत की तुम्ही प्रयोगशाळेतले उंदीर, म्हणून सही करूच नका.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका हॉस्पिटलात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. मेसेज ज्या कागदावर सही करू नका म्हणतो, तो कागद पेशंटसमोर धरायचं काम माझं. माझं पोट यावर चालतं हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाला शोधून काढायचे कष्ट नकोत.

पहिला मुद्दा, केस रिपोर्ट म्हणजे किस्सा. अर्धा बरोबर आहे. एका पेशंटवरून औषध सिद्ध होत नाही, आजाराचं कारणही सिद्ध होत नाही. पण तसा दावा चांगला केस रिपोर्ट करतच नाही. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. केस रिपोर्ट म्हणजे शीत नव्हे, दाताखाली आलेला खडा. एका खड्यावरून सगळं पोतं वाईट ठरत नाही, पण पुढचा घास कोणी तसाच गिळत नाही. डिसेंबर १९६१ मध्ये सिडनीचे डॉक्टर विल्यम मॅकब्राइड यांचं ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जेमतेम काही ओळींचं पत्र छापून आलं. थॅलिडोमाइड ही मळमळीवरची गोळी घेतलेल्या गरोदर बायकांच्या बाळांत हातापायांचे दोष दिसताहेत, आणखी कोणी पाहिलेत का, एवढाच प्रश्न. जर्मनीत डॉ. लेन्झ यांनी स्वतंत्रपणे तेच पाहिलं होतं. जून १९८१ मध्ये अमेरिकेच्या सरकारी साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद आली. एड्सची ती पहिली छापील नोंद. पाचच माणसं होती.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर मीही मेसेजवाल्यासारखीच सोयीचं तेवढं सांगेन. १९९८ मध्ये त्याच ‘लॅन्सेट’मध्ये १२ मुलांच्या केसेस छापून आल्या आणि गोवराची एमएमआर लस व ऑटिझमचा संबंध सुचवला गेला. पुढच्या मोठ्या अभ्यासांत तो संबंध सापडला नाही, मूळ कामातल्या लबाड्या उघड झाल्या आणि २०१० मध्ये जर्नलने लेख मागे घेतला. तोवर कित्येक आयांनी लस चुकवली होती. गंमत म्हणजे लसीविरुद्धचे मेसेज आजही त्या १२ मुलांवरच उभे असतात, आणि ते पाठवणाऱ्यांना तेव्हा १२ हा आकडा कमी वाटत नाही.

आता गुळवेल. इथे थांबायला हवं, कारण मेसेजचा सगळा जोर इथेच आहे.

सहा पेशंट हा आकडा खरा आहे. २०२० च्या शेवटच्या काही महिन्यांत मुंबईच्या डॉक्टरांना कावीळ झालेले असे सहा जण दिसले, सगळे करोनाच्या काळात गुळवेल घेणारे. २०२१ मध्ये ते छापून आलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पती नीट ओळखली का? गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल नसेल कशावरून? आक्षेप रास्त होता, आणि त्याचं उत्तर मेसेजने नव्हे, कामाने दिलं गेलं. देशभरातल्या १३ केंद्रांनी पेशंट गोळा केले, ४३ निघाले, आणि तो अभ्यास २०२२ मध्ये आला. जिथे मिळाले तिथे पेशंटकडचे गुळवेलीचे नमुने तपासले गेले. यकृताला इजा करणारं ओळखीचं दुसरं काही त्यांत सापडलं नाही. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास सुरू होईपर्यंत मधला काळ साधारण ४६ दिवसांचा. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे यातल्या ६७ टक्के लोकांचं यकृत आधीपासूनच आजारी होतं, पुष्कळांना त्याचा पत्ताच नव्हता. मेसेज सहावर थांबला, काम थांबलं नव्हतं.

डॉक्टर हे ठरवतात कसं, तेही पाहा. कावीळ झाली की आधी हिपॅटायटिस ए, बी, सी, ई तपासतात, दारू विचारतात, बाकीच्या गोळ्या विचारतात. मग तारखा मांडतात. काढा कधी सुरू केला, डोळे कधी पिवळे झाले, काढा बंद केल्यावर एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, किती दिवसांत उतरली. एखाद्याने बरं वाटल्यावर पुन्हा काढा घेतला आणि पुन्हा कावीळ झाली, तर शंका बरीच पक्की होते. मुद्दाम कोणी तसं करून बघत नाही, पण घरोघरी ते आपोआप होतं. ‘आता बरी आहेस ना, मग घे थोडा’ म्हणणारं कोणीतरी प्रत्येक घरात असतंच.

यातून गुळवेल सरसकट विष ठरत नाही. लाखो लोकांनी घेतली आणि त्यांना काही झालं नाही. कोणाला होऊ शकतं, एवढंच या फायली सांगतात.

आणि कंपन्यांना आयुर्वेद नको असतो म्हणे! सर्पगंधेचं काय करायचं मग? १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० पेशंटवर सर्पगंधा देऊन बघितली आणि निष्कर्ष ब्रिटनच्या हृदयरोगाच्या जर्नलमध्ये छापले. तीनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्याच मुळीतून रेसर्पिन हे रक्तदाबावरचं औषध वेगळं काढलं आणि जगभर विकलं. कंपन्यांना मुळी नको नसते हो, मुळीचं पेटंट हवं असतं. रागवायचं तर त्यावर रागवा.

दुर्मिळ म्हणजे थाप, या मुद्द्याला उत्तर परळहून येतं. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या मोजक्या माणसांचं विचित्र रक्त ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवलं. तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. भारतात सुमारे १०,००० माणसांत एकाचा असतो. नेहमीच्या तपासणीत तो ओ दिसतो, आणि ओ रक्त चढवलं तर जिवावर बेतू शकतं, कारण ओ रक्ताच्या पेशींवर असणारा एच अँटिजेन नावाचा घटक या लोकांच्या रक्तात नसतो आणि त्याच्यावर हल्ला करणारी अँटिबॉडी मात्र असते. ती नोंद ‘किस्सा’ म्हणून कोणी फेकून दिली असती तर? ज्यांना दुर्मिळ आजार बिलाचा बहाणा वाटतो त्यांच्यासाठी आणखी एक. २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात बसणाऱ्या दुर्मिळ आजारांसाठी नेमलेल्या केंद्रांत ५० लाखांपर्यंत सरकारी मदत मिळते, आणि मुंबईत परळचंच केईएम हॉस्पिटल हे तसं केंद्र आहे.

बढतीचा मुद्दा लवकर उरकते. पेपर छापायची घाई असते, पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नलंही आहेत, आणि आमच्या रेसिडेंट्सना, म्हणजे शिकाऊ डॉक्टरांना, बायोडेटात ओळ हवी असते. खरं आहे. फक्त वैद्यकीय महाविद्यालयांच्या २०२२ च्या नियमांत बढतीसाठी मूळ संशोधन, पद्धतशीर रिव्ह्यू आणि केस सिरीज (अनेक पेशंटच्या एकत्र नोंदी) मोजत, एकटा केस रिपोर्ट त्या यादीत नव्हता. ज्या कामाने बढती मिळत नव्हती ते बढतीसाठीच करत होते, हा तर्क मला तरी जमला नाही.

राहिली सही. या मेसेजने तीन वेगळ्या सह्यांची खिचडी केली आहे. ऑपरेशनची किंवा तपासणीची सही वेगळी, केस छापायची वेगळी आणि ट्रायलची, म्हणजे औषध माणसांवर तपासून बघायच्या अभ्यासाची, वेगळी.

केस छापायच्या सहीत तुमच्यावर नवीन काहीच होत नाही. झालेलं असतं तेच लिहितात. दोन वर्षांपूर्वी दिघ्याच्या एक आजी आमच्याकडे होत्या. छातीत पाणी, पाय सुजलेले आणि हातापायांची सगळी नखं पिवळी. घरचे म्हणायचे, आयुष्यभर हळद कुटली, त्याची. यलो नेल सिंड्रोम निघाला. पुस्तकात सगळे वाचतात, प्रत्यक्ष फार थोडे बघतात. सरांना नखांचा फोटो हवा होता. मी आजींना फॉर्म वाचून दाखवला. नाव येणार नाही, गाव येणार नाही, नाही म्हणालात तरी उपचार तेच. आजी म्हणाल्या, “हात दिसू दे, पण बांगड्या दिसल्या तर नणंद ओळखंल.” मी म्हटलं, बांगड्या काढून फोटो घेऊ. “मालक बसलेत भायेर, बांगड्या कशा काढू?” शेवटी फोटो मनगटाच्या अलीकडे कापला, तो कापलेला फोटो त्यांना दाखवला, आणि मग सुनेच्या साक्षीने अंगठा झाला. उंदराला एवढं कोणी विचारत नाही.

ट्रायलची सही मात्र गंभीर आहे आणि तिची भीती हवेतून आलेली नाही. २०१० च्या सुमारास तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धच्या एचपीव्ही लशीच्या प्रकल्पात आश्रमशाळेतल्या मुलींच्या वतीने वॉर्डननी सह्या केल्याचं उघड झालं. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. त्याच सुमारास सुप्रीम कोर्टात ट्रायलविरुद्ध याचिका चालू होती. आजचे नियम त्या ओरड्यातून आले आहेत. २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीत किमान सात जण, त्यांतले निम्मे तरी संस्थेबाहेरचे, एक कायद्याचा जाणकार, एक सामान्य नागरिक. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई. नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये दुर्बल गटातला माणूस असेल तर संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग, एचआयव्ही आणि कुष्ठरोगात फक्त आवाजाचं. मध्येच सोडून जायची मुभा.

म्हणून सही करू नका असं नव्हे, सही करायच्या आधी विचारा. ट्रायलचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीतला, नंबर काय? २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे आणि कोणालाही वेबसाइटवर फुकट बघता येते. माहितीपत्रक मराठीत द्या, एक प्रत मला द्या. कमिटीचा फोन नंबर कुठे लिहिलाय? हे विचारल्यावर समोरचा चिडला तर उठून या. मीसुद्धा चिडले तरी.

सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज टाकणारे तिसऱ्या मजल्यावरचे काका. याच काकांनी महिन्यापूर्वी गुळवेलीने शुगर कायमची गेलेल्या एका गृहस्थांचा फॉरवर्ड टाकला होता. एकच गृहस्थ, नाव नाही, रिपोर्ट नाही. रविवारी मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, काका, सहा कमी पडतात तर एक कसा पुरला? काका हसले, पण उत्तर काकूंनी दिलं. करोनापासून दोघं रोज सकाळी काढा घेतात, आणि काकूंच्या सोनोग्राफीत गेल्या वर्षी फॅटी लिव्हर आलं होतं. हे दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून कोणी बघितलंच नव्हतं.

बरणी स्वयंपाकघरात होती. वेल येऊरच्या जंगलाकडून एक जण आणून देतो. गुळवेलच कशावरून? “तो सांगतो ना,” काका म्हणाले. आयुष मंत्रालयाने विचारलेला प्रश्न ठाण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर तसाच पडून होता.

काकू मंगळवारी एलएफटी करून डॉक्टरांना दाखवणार आहेत. काही निघालंच तर औषधाच्या दुष्परिणामांची नोंद पेशंटलाही करता येते, त्यासाठीचा १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर मी फ्रिजवर चिकटवला. काकूंनी विचारलं, मग हा काढा ओतून देऊ? म्हटलं, पिऊ नका, पण ओतूही नका. त्यांनी कपाटातून मार्कर काढला आणि बरणीवर तारीख घातली.