मूठभर दाण्यांवर पिल्लं वाढत नाहीत

ऊन तापायला लागलं की पक्ष्यांबद्दलचा एक मेसेज ग्रुपवर हमखास येतो. मजकूर साधारण असा: "मोबाईल टॉवरमुळे चिमण्या संपत चालल्या आहेत. त्यांना वाचवायचं असेल तर अंगणात रोज मूठभर दाणे टाका, पाणी ठेवा, एक घरटं टांगा. पालापाचोळा साचू देऊ नका, त्यात साप येतात. झाडावरच्या अळ्या वेळीच फवारून मारा. पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर हात लावू नका, माणसाचा वास लागला की आई त्याला टाकून देते."

हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांना पक्ष्यांची कळकळ असते, म्हणून तो मला जास्त खटकतो. इतक्या लोकांची कळकळ त्यातल्या चुकीच्या सल्ल्यांमुळे वाया जाते. पाण्याचा सल्ला तेवढा योग्य आहे, बाकीचं एकेक पाहू.

सुरुवात दाण्यांपासून, कारण सगळ्या गैरसमजाचं मूळ तिथे आहे. चिमणी दाणे खाते हे खरं, पण मोठी झालेली चिमणी. अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं पिल्लू उघडंवाघडं असतं, डोळे मिटलेले असतात, आणि दोन-अडीच आठवड्यांत त्याला उडण्याजोगं व्हायचं असतं. एवढी वाढ कोरड्या दाण्यावर होत नाही. त्याला मऊ आणि प्रथिनांनी भरलेलं अन्न लागतं: मावा म्हणजे कोवळ्या पानांवरचे बारीक किडे, अळ्या, कोळी, बारीक भुंगेरे. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात चिमण्यांच्या घरट्यांचा बारकाईने अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. ज्या पिल्लांच्या पोटात किड्यांऐवजी वनस्पतिजन्य अन्न जास्त जात होतं, ती जास्त प्रमाणात दगावत होती. आईबाप भरवत होते, पण जे भरवायला हवं ते आसपास पुरेसं नव्हतं.

हे फक्त चिमणीचं नाही. फुलातला मध पिणारा सूर्यपक्षीसुद्धा पिल्लांच्या चोचीत कोळी आणि किडेच घालतो. अमेरिकेतले कीटकशास्त्रज्ञ डग टॅलमी चिकाडी नावाच्या चिमणीहूनही लहान पक्ष्याचा हिशेब देतात: एका घरट्यातली पिल्लं उडण्याजोगी होईपर्यंत आईबाप सहा ते नऊ हजार अळ्या आणतात. एका वेळच्या विणीला सहा हजार अळ्या! एखाद्या बागेत त्या मिळत नसतील, तर तिथे कितीही दाणे टाकले तरी घरटं यशस्वी होणार नाही.

मग रोजचे दाणे खातं कोण? बहुतेक ठिकाणी कबुतरं. त्यामागे शरीरशास्त्र आहे. नर आणि मादी दोघांच्याही अन्नपिशवीच्या आतल्या थरातून दह्यासारखा स्निग्ध पदार्थ तयार होतो, आणि पिल्लांना पहिल्या दिवसांत तोच भरवला जातो. म्हणजे कबुतराला पिल्लं वाढवायला अळ्या शोधाव्या लागत नाहीत, दाणे मिळाले की पुरे. दाण्यांची सोय कायमची असली की ती जवळजवळ वर्षभर वीण घालू शकतात. चिमणीसाठी टाकलेल्या मुठीवर कबुतरांचे थवे पोसले जातात ते यामुळे. उरलेल्या दाण्यांवर रात्री उंदीर-घुशी येतात.

दाणे मुळीच ठेवू नका, असं माझं म्हणणं नाही. पक्षी जवळून पाहण्याचा आनंद मोठा आहे, आणि कडाक्याच्या थंडीत काही प्रजातींना अशा खाऊचा खरा आधार होतो असं अभ्यासांत दिसलं आहे. मात्र थोडेच ठेवा, संध्याकाळी उरलेले उचला, भांडं नियमित घासा. ब्रिटनमध्ये २००५ पासून ग्रीनफिंच पक्ष्यांत ट्रायकोमोनोसिस या घशाच्या रोगाची साथ पसरली, त्यात त्यांची संख्या झपाट्याने घटली. हा रोग लाळेतून पसरतो, आणि गर्दीची खाऊची भांडी त्याला सोयीची ठरतात.

आता "अळ्या फवारून मारा". मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य माझ्या मते हे आहे. दोन ओळी आधी पक्षी वाचवायला सांगायचं आणि पुढे त्यांच्या पिल्लांचं अन्न मारायला सांगायचं! लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडावरचं कोवळं पान कधी उलटसुलट करून पाहा. पक्ष्याची शीट पडल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसला तर नीट बघा, ती फुलपाखराची लहान अळी असू शकते. मोठी होताना ती पानासारखी हिरवी होते, आणि डिवचलं की डोक्यामागून केशरी रंगाची दुभंगलेली शिंगं बाहेर काढते, त्यांना उग्र वास येतो. पंधरवड्याभरात ती पानं कुरतडून कोषात जाते. निरोगी झाडाला नवी पालवी फुटते, फार काही बिघडत नाही. मधल्या काळात तिथे बुलबुल, शिंपी, दयाळ घिरट्या घालायला लागतात. ज्या बागेतल्या पानांना भोकं पडत नाहीत, तिथे पक्षी आले तरी पाहुणे म्हणून येतात, नांदत नाहीत.

झाडं कोणती लावायची, हाही प्रश्न इथेच सुटतो. बहुतेक अळ्या ठरावीक झाडांवरच जगतात, ज्यांच्याशी त्यांचं हजारो वर्षांचं नातं आहे. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या आसपासच्या परसबागांमध्ये याच चिकाडीवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बागेतल्या एकूण झाडोऱ्यात स्थानिक झाडं ७० टक्क्यांहून कमी असतील, तर तिथे जन्मणाऱ्या पिल्लांवर त्या पक्ष्यांची संख्या टिकत नाही, असं त्यात आढळलं. म्हणून रोपं निवडताना फुलाच्या रंगाआधी ते झाड आपल्याच मुलखातलं आहे का, हे विचारावं.

पालापाचोळ्याचं भय मी समजू शकते. दारालगत किंवा भिंतीला टेकून ढीग नको, हे बरोबर. पण साप येतो तो भक्ष्यामागे, आणि उंदरांना बोलावणारे दाणे तर हाच मेसेज टाकायला सांगतो. बागेच्या कडेला झाडाखाली पानांचा पातळ थर राहू द्यावा. त्यात गांडुळं, वाळवी, भुंगेऱ्यांच्या अळ्या, काही पतंगांचे कोष असतात. सातभाईंची टोळी अशा जागी उतरली की बघत राहावं: एकेक पान चोचीने उडवून बाजूला टाकतात, खालचं टिपतात, आणि एखादा वर फांदीवर बसून पहारा देतो. जागा झाडून लख्ख केली, तर त्यांनी उतरायचं कशासाठी?

टांगलेलं घरटं फक्त पोकळीत अंडी घालणाऱ्यांच्या कामाचं. बुलबुल, सूर्यपक्षी, शिंपी त्यात कधीच जाणार नाहीत, त्यांना दाट झुडपं हवीत. चिमणीसाठी भोक सुमारे ३२ मिलिमीटर पुरतं, लाकूड जाड हवं, बाहेर बसायची दांडी नको, कारण ती शिकाऱ्याच्या सोयीची. उन्हात तापणारा प्लॅस्टिकचा डबा तर नकोच.

टॉवरचं तारखांवरूनच बघा. ब्रिटनमध्ये चिमण्यांची घसरण १९७०च्या दशकाच्या अखेरीस दिसू लागली, तिथली मोबाईल सेवा १९८५ साली सुरू झाली. टॉवरजवळ चिमण्या कमी असल्याची काही निरीक्षणं आहेत, पण टॉवर दाट असतात तिथे इमारती, वाहनं आणि काँक्रीटही दाट असतं. भारतातल्या पक्ष्यांच्या २०२० सालच्या अहवालात देशभरात चिमणीची संख्या साधारण स्थिर आढळली, घट दिसली ती मोठ्या महानगरांत. टॉवर काय फक्त महानगरांतच आहेत? सगळा दोष टॉवरला दिला की आपल्या फवारणीच्या पंपाकडे बघायची गरज उरत नाही, हे मला गंभीर वाटतं.

पाणी जरूर ठेवा. भांडं पसरट, तळ खरबरीत, खोली काठाशी बोटभर आणि मध्ये पाच सेंटिमीटरपर्यंत. रोज बदलायचं, म्हणजे डासांच्या अळ्या वाढायला वेळच मिळत नाही.

राहिलं पडलेलं पिल्लू. माणसाच्या वासाने आई पिल्लाला टाकते, ही समजूत खोटी आहे. आठवडेच्या आठवडे राबून वाढवलेलं पिल्लू पक्षी एवढ्यावरून सोडत नाहीत. आधी पिसं बघा. अंगभर पिसं आहेत आणि ते टुणटुण उड्या मारतंय, तर ते उडायला शिकतंय. आईबाप जवळपासच असतात आणि जमिनीवर येऊनही भरवतात. त्याला रस्त्यावरून उचलून शेजारच्या झुडपात ठेवलं की झालं, आणि घरची मांजर त्या दिवसांत आतच ठेवायची. मोकाट आणि बाहेर सोडलेल्या मांजरी एकट्या अमेरिकेत वर्षाला किमान १३० कोटी पक्षी मारतात, असा २०१३ सालचा अंदाज आहे, आणि मेसेजमध्ये मांजरीचं नावही नाही. पिल्लू उघडं असेल तर अलगद उचलून घरट्यात ठेवा. घरटं मोडलं असेल तर तळाला भोकं असलेल्या लहान टोपलीत वाळकं गवत घालून ती त्याच झाडाला बांधा आणि लांबून तासभर लक्ष ठेवा. चोचीत पाणी किंवा दूध ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. जखम दिसली किंवा आईबाप फिरकलेच नाहीत, तर झाकलेल्या खोक्यात ठेवून पशुवैद्याकडे किंवा वन्यजीव बचाव पथकाकडे न्या.