मान डोलावल्याची शिक्षा

गाणं ऐकताना माझी मान डोलते. मी डोलावत नाही, ती डोलते. गवई समेवर आला की खाली जाते, जागा चांगली घेतली की दोन्ही बाजूंना झुलते. सवाईच्या मंडपात हजारो माना अशाच झुलत असतात, तिथे कोणी कोणाच्या मानेला जाब विचारत नाही. व्हर्जिनियात विचारतात, हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं.

आमचे चिरंजीव तिथल्याच रोआनोकला असतात. ऑक्टोबरात आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो होतो. "बाबा, शनिवारी डोंगरात जत्रा आहे. जुन्या काळचं सगळं बघायला मिळतं." जुन्या काळचं बघायला विमानाचं एवढं भाडं कशाला भरलं, हा प्रश्न हिने डोळ्यांनी विचारला. सूनबाईंनी तो पाहिला नाही असं दाखवलं, आणि आम्ही निघालो.

जत्रेत शिरल्या शिरल्या कानावर आलं, टुक... टुक... फुस्स. शेतावरची शंभरेक वर्षांपूर्वीची इंजिनं ओळीने मांडली होती. रंगवून, पुसून, चालू करून. काम काही नाही, नुसती चालत होती. माझ्या मामाच्या विहिरीवर याच घराण्यातलं एक धूड होतं. मामा त्याला रोज सकाळी शिव्या घालायचा. इथे लोक त्याच्यासमोर खुर्च्या टाकून बसले होते.

पुढे एक खेचर गोल गोल फिरत होतं, मधे चरक, शेजारी चुलीवर पसरट कढईत रस उकळतोय. "अहो, हे तर गुऱ्हाळ!" ही ओरडलीच. पण ऊस नव्हता. ते सोरघम, म्हणजे आपल्या ज्वारीच्याच जातीचं गोड ताट. त्याची काकवी करतात. त्यापलीकडे तांब्याच्या हंड्यात सकाळपासून सफरचंदाचा गर आटत होता आणि एक बाई लांब दांड्याच्या लाकडी पळीने तो ढवळत होत्या. हिने त्यांना मराठीतून दोन सूचना केल्या. त्यांनी मान डोलावली. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

उकडलेल्या शेंगांची पुडी घेऊन आम्ही गाण्याकडे वळलो. बँजो म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे विसर्जनाच्या मिरवणुकीतला आपला बेंजो येतो, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. इथला बँजो म्हणजे लांब दांडीचा डफ. तारा पाच, पण पाचवीची खुंटी दांडीच्या मध्येच ठोकलेली. मला वाटलं सुताराची चूक. चिरंजीव म्हणाले, ती तार आखूडच असते, मधे मधे एकच स्वर वाजत राहतो. म्हणजे तंबोऱ्याची दूरची नातेवाईक. हे ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, तिथेच घात झाला.

गाडीत चिरंजीवांनी व्याख्यान दिलंच होतं. बँजोचं मूळ आफ्रिकेत, गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर ते इकडे आलं, फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, स्कॉटलंड-आयर्लंडच्या लोकांनी आणलं, मँडोलिन इटलीचं. केंटकीचे बिल मन्रो यांच्या 'ब्लू ग्रास बॉईज' या वाद्यवृंदावरून या संगीताला ब्लूग्रास हे नाव पडलं, आणि 1945 च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी बँजो वाजवत त्यांच्यात आले तेव्हा हा बाज पक्का झाला. म्हणजे हे पुरातन संगीत माझ्याहून नऊ-दहा वर्षांनीच मोठं. मी तसं बोललो नाही. जत्रेत कोणाचं वय काढू नये.

मंचावर पाच जण एकाच माइकभोवती मंगळागौरीच्या खेळासारखे पुढे-मागे होत होते. ज्याची पाळी तो पुढे, बाकीचे मागे, आणि कोणाचं वाद्य कोणाच्या डोक्यात बसत नव्हतं. चाल अशी की बारशाला वाजवावी. हिने सुनेला विचारलं, "काय म्हणतोय गं?"

"आई, त्याने तिला नदीवर नेलं आणि बुडवून मारलं."

"अगंबाई! आणि आता?"

"आता त्याला फाशी देतायत."

पुढच्या गाण्यात आई वारली. त्यापुढच्यात घर ओसाड पडलं. प्रत्येक वेळी बँजो आनंदाने खळखळत होतं.

मंचामागे एका झाडाखाली हौशी मंडळी गोल करून वाजवत बसली होती. मी जवळच्या गवताच्या गठ्ठ्यावर टेकलो. ब्लूग्रासमध्ये ढोलकी नाही, तबला नाही. बास 'धुम' करतो आणि मँडोलिन त्यावर 'चक' करतं, त्यावरच सगळा ठेका. धुम-चक, धुम-चक. फिडलवाल्या आजोबांनी एक तान अशी घेतली की माझी मान, अर्थातच, डोलली.

आजोबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मी परत डोलावली. म्हटलं, रसिकाला रसिक भेटला.

त्या गोलाचा नियम मला नंतर समजला. गाणं फिरत असतं. पुढचा तुकडा तुझा का, हे मानेने विचारतात. हवा असेल तर मान हलवायची, नको असेल तर नकार द्यायचा. आणि आपली मान होकार देते की नकार, हे आपल्या देशाबाहेर कोणालाही कळलेलं नाही.

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या हातात शेंगांची पुडी. शेजारच्या बाईंनी ती अलगद काढून घेतली आणि दोन स्टीलचे चमचे दिले. पाठीला पाठ लावून, मांडी आणि तळव्याच्या मधे आपटायचे; चिपळ्यांचे चुलतभाऊच ते. मी तरुणपणी भजनी मंडळात झांज वाजवली आहे. तो आत्मविश्वास अशा वेळी फार वाईट. मी समेवर हाणत सुटलो. ते चकवर वजन देत होते, मी धुमवर. मँडोलिनवाल्याचा चेहरा पडला, आजोबांचा खुलला. मुख्य अडचण अशी की थांबायचं कसं ते माहीत नव्हतं. तिहाई घेतली, कोणीच थांबलं नाही. दुसरी घेतली. त्यांना ती आवडली. चिरंजीव मोबाइलवर चित्रीकरण करत होते.

इतक्यात माझ्या डाव्या पायाला गोळा आला आणि मी कळवळून पाय समोर उचलला. सगळं संगीत त्या आवर्तनाच्या शेवटी खाडकन थांबलं. पाय उचलणे ही तिथे 'आता संपवा' अशी खूण असते! टाळ्या पडल्या. मी पाय धरून लवून नमस्कार केला, तो विनय समजला गेला.

निघताना आजोबांनी माझा हात हातात घेऊन पुष्कळ वेळ काहीतरी विचारलं. डोंगरातले उच्चार, एक अक्षर कळलं नाही. अशा वेळी माणूस जे करतो तेच मी केलं.

गाडीत बसल्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, शुक्रवारी रात्री फ्लॉइड गावातल्या दुकानात गाणं-बजावणं असतं. तुम्ही वाजवायला येतो म्हणून सांगितलंय त्यांना."

मागच्या सीटवरून हिने शांतपणे विचारलं, "चमचे घरून न्यायचे, की तिथे मिळतात?"