एआय अँकर आला म्हणून एमसीआरला (चॅनेलच्या मास्टर कंट्रोल रूमला) कुलूप लागत नाही

डीडी किसानवर २६ मे २०२४ रोजी क्रिश आणि भूमी हे एआय निवेदक आले. त्याच्या आगेमागे इतर चॅनेलांनीही असे चेहरे आणले आणि एक दावा फॉरवर्ड होत राहिला: बातम्या यंत्र वाचतं, बुलेटिन यंत्र चालवतं, बिघाडही यंत्रच दुरुस्त करेल, पाच वर्षांत चॅनेलमध्ये टेक्निशियन औषधालाही सापडणार नाही, तेव्हा पोरांना ब्रॉडकास्ट टेक्निशियनच्या कोर्सला घालू नका. दाव्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तो पटतो. पण कोण जाणार आणि कशामुळे जाणार, दोन्हींत तो चुकतो.

“अँकर गेला, तसा टेक्निशियनही जाणार.”

एआय निवेदकाचं निवेदन प्लेआउटच्या (कार्यक्रम प्रक्षेपणात सोडणाऱ्या यंत्रणेच्या) लेखी आणखी एक फाइल असते, आणि बऱ्याचदा खोडसाळ. आपलं प्रक्षेपण सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबाचं. ही साधनं अनेकदा २४ किंवा ३० फ्रेमची फाइल देतात. नीट रूपांतर न करता चढवली की मान वळवताना चित्र अडखळतं. आवाज वेबच्या सवयीने उणे १४ एलयूएफएसला (आवाजाच्या मोठेपणाचं माप) ठेवलेला आणि चॅनेलचं मानक उणे २३ असेल, तर निवेदक बाकी बुलेटिनपेक्षा ९ डीबी मोठ्याने ओरडतो. हे तपासणारा माणूस लागतोच.

“अख्खा पीसीआर (बुलेटिन चालवणारी कंट्रोल रूम) एकटा माणूस चालवेल.”

अर्धं खरं, आणि नवीन तर मुळीच नाही. ओव्हरड्राइव्ह, मोझार्ट, इग्नाइट ही बुलेटिन चालवणारी ऑटोमेशन सॉफ्टवेअरं एआयच्या लाटेच्या कितीतरी आधीची. रनडाउनमधल्या (बुलेटिनच्या क्रमवारीतल्या) प्रत्येक बातमीला एक टेम्प्लेट जोडलेलं असतं: कोणता कॅमेरा, कोणते माइक उघडायचे, नावपट्टी कोणती, क्लिप कोणत्या सर्व्हरवरून. माणूस फक्त ‘टेक’ दाबतो. स्विचर (कॅमेरे बदलणारा), ऑडिओ, सीजी (पडद्यावरची अक्षरं), क्लिप या खुर्च्या अशानेच कमी झाल्या, आणि ठरलेल्या क्रमाच्या बुलेटिनला ही पद्धत छान चालते.

मराठी न्यूज चॅनेलवरची संध्याकाळ मात्र ठरलेल्या क्रमाची नसते. मतमोजणीच्या दिवशी सहा खिडक्या उघड्या, तीन लाइन (बाहेरून येणारी थेट फीड) चढ-उतार करतायत. टेम्प्लेटने लाइन ३ गृहीत धरलेली असते आणि पाहुणा येतो लाइन ५ वर. मग त्याच्या कानात जो मिक्स-मायनस जायला हवा, म्हणजे त्याचा स्वतःचा आवाज वगळून बाकी सगळं, तो जात नाही. स्वतःचंच बोलणं सेकंदभर उशिरा ऐकू आलं की भलाभला नेताही तोतरा होतो. पडद्यावर वाटतं ‘नेटवर्क खराब आहे’. ऑडिओचा जाणता माणूस दोन सेकंदांत ओळखतो, त्या लाइनचा परतीचा बस (आवाजाचा मार्ग) बदलतो आणि टेम्प्लेट सोडून हाताने चालवतो.

खरी चिंता दुसरीच आहे आणि फॉरवर्डमध्ये ती नाही. इन्जेस्ट (आलेलं फुटेज सर्व्हरवर घेणं), सीजी, क्लिप या खुर्च्यांवर बसूनच नवी पोरं काम शिकायची. त्या पायऱ्याच गेल्या, तर वरच्या जागेसाठी तयार माणूस येणार कुठून?

“बिघाड यंत्र स्वतःच शोधेल आणि दुरुस्त करेल.”

इथे दावा सगळ्यात जास्त घसरतो. ब्लॅक (काळा पडदा), फ्रीझ (थिजलेलं चित्र) आणि सायलेन्स पकडणारे निगराणीचे प्रोब वर्षानुवर्षं आहेत. श्रद्धांजलीचं दोन मिनिटांचं मौन दाखवलं तरी ते अलार्म देतात. काय झालं एवढं ते सांगतात; का झालं, हे शोधावं लागतं.

आयपीवर गेलेल्या, म्हणजे चित्र-आवाज संगणकी नेटवर्कवरून नेणाऱ्या स्टुडिओचं उदाहरण घ्या. त्यासाठीच्या एसटी २११० या मानकात सगळी उपकरणं पीटीपीच्या (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीच्या) एकाच घड्याळावर चालायला हवीत. एसएमपीटीई या मानक संस्थेच्या प्रोफाइलमध्ये पीटीपीचा डोमेन (घड्याळाच्या गटाचा क्रमांक) मुळात १२७ असतो, एईएस ६७ हे मानक पाळणाऱ्या ऑडिओ उपकरणांत ०. नवा ऑडिओ बॉक्स जोडला आणि डोमेन बदलायचा राहिला, तर तो मास्टरला (मुख्य घड्याळाला) लॉक होत नाही आणि स्वतःच्या घड्याळावर वाहत जातो. सुरुवातीला सगळं ठीक, मग अधूनमधून टकटक. याहून फसवा प्रकार म्हणजे नेटवर्क स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (कोणतं फीड कुणाला हवं याची यादी ठेवणं) चालू आणि क्वेरियर (ती यादी ताजी ठेवायला विचारणा करणारा) कुणीच नाही. फीड झकास लागतं, सगळे चहाला जातात आणि चारेक मिनिटांनी चित्र गायब, कारण २६० सेकंदांत स्विच त्या ग्रुपची सदस्ययादी पुसून टाकतो. केबल काढून पुन्हा लावली की परत चार मिनिटं चालतं, म्हणून संशय केबलवर जातो.

पावसाळ्यात अपलिंकवरही (उपग्रहाकडे सिग्नल पाठवतात तिथे) असंच. एचपीए (सिग्नलची ताकद वाढवणारे अ‍ॅम्प्लिफायर) दोन असतात, एक बंद पडला की दुसरा आपोआप चढतो. पण पाणी शिरलं असेल वेव्हगाइड (सिग्नल नेणारी धातूची नळी) स्विचच्या पुढच्या सामायिक नळीत, तर ऑटोमेशन दुसरा एचपीए चढवतं, तिथेही परावर्तित पॉवर वाढते आणि तोही ट्रिप होतो. त्याआधी खूण मिळालेली असते: डिहायड्रेटरचा (नळीत कोरडी हवा भरणाऱ्या यंत्राचा) कॉम्प्रेसर नेहमीपेक्षा वारंवार चालू होतो. दाब मर्यादेत असल्याने अलार्म आलेला नसतो. राउंडवरच्या माणसाने कान दिला, फ्लँजवर (नळीच्या जोडावर) साबणाचं पाणी लावून गळती शोधली, गॅस्केट बदललं, तर चॅनेल वाचतं.

मोठ्या घटनांनीही हेच दाखवलं. २५ सप्टेंबर २०२१ ला लंडनमधल्या एका प्लेआउट केंद्रात आग विझवणारा गॅस सुटला. त्याच्या ध्वनिलहरीने सर्व्हरच्या हार्ड डिस्क निकामी झाल्या आणि चॅनेल ४ ची सबटायटल्स कित्येक आठवडे नीट मिळाली नाहीत. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने विंडोजची यंत्रं झोपली, तेव्हा स्काय न्यूजचं थेट प्रक्षेपण सकाळी बंद पडलं. अनेक यंत्रांवर उपाय एकच होता: समोर बसून सेफ मोडमध्ये जा, अपडेटची ती सदोष फाइल पुसा, डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की घाला. जे यंत्र सुरूच होत नाही, ते स्वतःला काय दुरुस्त करणार?

“आजवर घटलेल्या नोकऱ्याही एआयनेच खाल्ल्या.”

साफ चूक. तालुक्यातालुक्यांतली दूरदर्शनची लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रं मोडीत निघाली ती डीटीएच आणि केबलमुळे. मोजकी ५० ठिकाणं सोडून बाकीचे अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करायचं प्रसार भारतीने ठरवलं होतं. उपग्रहावरून थेट चित्र पाठवणाऱ्या डीएसएनजी व्हॅनचं काम मोबाइल नेटवर्क वापरणाऱ्या चार-सहा सिमच्या बॅकपॅकने खाल्लं. अनेक चॅनेलांचे प्लेआउट एका केंद्रात आले, शिफ्टची माणसं कमी झाली. चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये.

“म्हणून हा कोर्स करूच नका.”

नुसती स्विचरची बटणं शिकवणारा कोर्स असेल, तर खरंच करू नका. प्रवेश घेण्याआधी संस्थेत जाऊन बघा: मल्टिकास्ट (एकच फीड अनेकांना पाठवणं) चालणारा मॅनेज्ड नेटवर्क स्विच प्रयोगाला मिळतो का? वायरशार्क या नेटवर्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये यूडीपी पोर्ट ३२० वरचे पीटीपी अनाउन्स संदेश उघडून डोमेन क्रमांक वाचायला लावतात का? एफएफप्रोब या साधनाने फाइलचा फ्रेम रेट आणि ऑडिओ ट्रॅक तपासायला शिकवतात का? स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर (सिग्नल तपासण्याचं यंत्र) कपाटात बंद आहे की टेबलावर? अर्थिंग आणि यूपीएस कोण शिकवतं, हेही विचारा. ऑफ-एअर जाण्याची कारणं तिथेही पुष्कळ असतात.